ग्रुपवर हवामानबदलाचा ‘पेपर’ आला, तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

जून उजाडला, साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखांची यादी फिरायला लागली, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “पीअर रिव्ह्यू झालेला पेपर आहे, आता विषय संपला.” दुसरा म्हणतो, “पीअर रिव्ह्यू म्हणजे तू माझी पाठ खाजव, मी तुझी. सगळे विकले गेलेत.” मग रात्री साडेअकरापर्यंत कोण विकलं गेलं यावरच चर्चा. पेपर उघडलेला कोणीच नसतो. (पेपर म्हणजे इथे जर्नलमधला, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकातला, शोधनिबंध. पीअर रिव्ह्यू म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर जाणकारांनी केलेलं त्याचं परीक्षण.)

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मुलं, आणि कधीकधी त्यांचे शिक्षकही, हेच भांडण घेऊन माझ्या टेबलाशी येतात. बहुतेकांचा क्रम चुकतो. लिहिणारा पक्षपाती आहे का, हा सगळ्यांत अवघड प्रश्न ते सगळ्यांत आधी विचारतात. पेपर नेमकं काय म्हणतो, हा सगळ्यांत सोपा प्रश्न राहूनच जातो. खालचा क्रम उलटा आहे. तो मोडू नका. एखादा टप्पा गाळलात तर पुढच्या टप्प्याचं उत्तर चुकतं.

सुरुवातीची तयारी

चाळीस मिनिटं हवीत, तीही बसून. लोकलच्या दारात उभं राहून हे काम होत नाही. कॉम्प्युटर असला तर उत्तम. नसला तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये साइटचं डेस्कटॉप रूप उघडा. वहीचं एक पान घ्या आणि त्यावर पाच रकाने आखा: दावा, मूळ कागद, कागदाचा प्रकार, छापल्यानंतर काय झालं, हितसंबंध. पाचवा रकाना शेवटी भरायचा आहे. हात शिवशिवतील, पण थांबा.

आणि तपासणी होईपर्यंत ग्रुपवर काहीही लिहू नका, “बघतो” असंसुद्धा नाही. एकदा पक्ष घेतला की माणूस पुरावा शोधत नाही, वकिली शोधतो. मी स्वतः यातून गेले आहे. २०१९ च्या दिवाळीत मुंबई पाण्याखाली दाखवणारा एक नकाशा मी पेपर न वाचता भावाला पाठवला. तो तेव्हा वरळीत फ्लॅट बघत होता. नंतर पेपर वाचून “तसं अगदी नाही रे” म्हणायला फोन केला, तर तो म्हणाला, “आता एक काय ते ठरव.”

टप्पा १: दावा एका वाक्यात लिहा

ग्रुपवर येतो तो सहसा पेपर नसतो. स्क्रीनशॉट असतो, बातमीचा मथळा असतो किंवा कोणाचा तरी व्हिडिओ. त्यातला दावा स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात उतरवा. त्या वाक्यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कुठे, कधीपर्यंत, किती, आणि कशाच्या तुलनेत.

“२०५० पर्यंत मुंबई बुडणार” हे वाक्य घ्या. ऐकायला एकच दावा वाटतो, पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली ऑक्टोबर २०१९ ची. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या जर्नलमध्ये स्कॉट कुल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांचा पेपर आला. दोघेही क्लायमेट सेंट्रल या अमेरिकी संस्थेचे. न्यूयॉर्क टाइम्सने त्यावरून नकाशे छापले आणि त्यातला मुंबईचा नकाशा जगभर फिरला.

दुसरी ऑगस्ट २०२१ ची. आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीचा, अहवाल ९ ऑगस्टला आला आणि त्यातल्या आकड्यांवर नासाने समुद्रपातळीचं एक साधन इंटरनेटवर ठेवलं. आपल्याकडे बातम्या झाल्या, ‘बारा शहरं तीन फूट पाण्याखाली’. त्या बातम्यांच्याच तक्त्यात मुंबईसमोर आकडा होता सुमारे १.९ फूट, आणि तो शतकाच्या अखेरीचा. २०५० चा नव्हे.

तिसरी त्याच महिन्याच्या शेवटची. महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल एका कार्यक्रमात म्हणाले की २०५० पर्यंत नरिमन पॉइंट आणि मंत्रालय परिसराचा ८० टक्के भाग पाण्याखाली जाईल. हे भाषणातलं विधान होतं, पेपर नव्हता.

या तिघांना एकच समजून भांडणाऱ्या दोन माणसांचं कधीच जुळणार नाही, कारण एक १.९ फुटांबद्दल बोलतोय आणि दुसरा ८० टक्क्यांबद्दल.

*पडताळणी:* तुमच्या वाक्यातला आकडा आणि वर्ष एकाच ठिकाणाहून आलं आहे ना? आकडा एका बातमीतला आणि वर्ष दुसऱ्या बातमीतलं, असा संकर फार दिसतो.

टप्पा २: मूळ कागद हाती घ्या

बातमीत जर्नलचं नाव आणि एका तरी लेखकाचं आडनाव असतं. गूगल स्कॉलरमध्ये ते आडनाव, वर्ष आणि विषयातले दोन इंग्रजी शब्द टाका. पेपर सापडला की त्याचा डीओआय उतरवून घ्या. दहाच्या आकड्याने सुरू होणारी ती लांबलचक ओळख म्हणजे पेपरचा आधार क्रमांक. पेपर कुठेही हलला तरी डीओआय डॉट ऑर्गवर तो क्रमांक टाकल्यावर तुम्ही त्याच्याच दारात जाता.

पेपर पैसे मागत असेल तर लगेच परत फिरू नका. स्कॉलरमधल्या नोंदीखाली ‘सर्व आवृत्त्या’ अशी ओळ असते, तिथे बऱ्याचदा लेखकाच्या विद्यापीठाने ठेवलेली मोफत प्रत मिळते. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवायचं साधन तेच काम आपोआप करतं. घरात किंवा शेजारी सरकारी शिक्षणसंस्थेत शिकणारं कोणी असेल तर त्याला विचारा. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत अशा संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली आहेत. भारतीय हवामान खात्याचं ‘मौसम’ आणि बंगळुरूहून निघणारं ‘करंट सायन्स’ तर कुणालाही वाचता येतात. यातलं काहीच जमलं नाही तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. शास्त्रज्ञ आपला पेपर आनंदाने पाठवतात. त्यांना वाचक कुठे इतके मिळतात!

*सावधान:* डीओआय आहे म्हणजे परीक्षण झालं, असा अर्थ नाही. प्रीप्रिंटलाही, म्हणजे परीक्षणाआधीच इंटरनेटवर ठेवलेल्या मसुद्यालाही, डीओआय मिळतो.

मूळ कागद सापडलाच नाही तर काम इथेच थांबवा. “याचा मूळ पेपर मला मिळाला नाही, कुणाकडे असेल तर टाका” एवढं लिहा. बऱ्याच वादांचा शेवट इथेच होतो.

टप्पा ३: कागदाची जात ओळखा

हवामानाच्या वादात फिरणारे कागद ढोबळमानाने पाच प्रकारचे असतात: जर्नलमधला संशोधन पेपर, प्रीप्रिंट, आयपीसीसीसारखा आढावा-अहवाल, एखाद्या संस्थेचा किंवा कंपनीचा अहवाल, आणि मत. जर्नलमध्येसुद्धा मतं छापतात. संपादकीय, वाचकपत्र, टिप्पणी, सगळं एकाच वेबसाइटवर असतं. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात प्रकार छापलेला असतो, तो वाचा.

जात न ओळखल्यामुळे काय होतं त्याचं उदाहरण आपल्या उत्तरेलाच आहे. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात, दुसऱ्या कार्यगटाच्या आशियावरच्या प्रकरणात छापलं गेलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीही नाहीशा होण्याची शक्यता खूप आहे. आधार म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेचा २००५ चा अहवाल दिला होता, आणि त्याचा माग निघाला १९९९ मध्ये एका विज्ञान साप्ताहिकात आलेल्या मुलाखतवजा बातमीपर्यंत. कुठेही परीक्षण झालेला पेपर नव्हता. नोव्हेंबर २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा चर्चा-निबंध पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्यातलं चित्र या दाव्याशी जुळत नव्हतं. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘व्हूडू सायन्स’, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून संभावना केली. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला चूक मान्य करावी लागली. पुढे इंटरअकॅडमी कौन्सिल या विज्ञान अकादमींच्या संघटनेने आयपीसीसीचं कामकाज तपासलं, तेव्हा दिसलं की मसुद्यावर आलेल्या परीक्षकांच्या शंकांकडे लेखकांनी नीट लक्ष दिलं नव्हतं.

याच अहवालाच्या पहिल्या कार्यगटात, जिथे हिमनद्यांचं भौतिकशास्त्र आहे तिथे, २०३५ नव्हतं. म्हणून ‘आयपीसीसी म्हणते’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणता कार्यगट, कोणतं प्रकरण, आणि त्या वाक्याखाली कोणता पेपर, हे पाहा. आयपीसीसी स्वतः संशोधन करत नाही, इतरांचं वाचून आढावा घेते. २०२१ च्या पहिल्या कार्यगटाच्या अहवालात २३४ लेखक होते, १४,००० हून अधिक संदर्भ होते आणि मसुद्यांवर ७८,००७ अभिप्राय आले. ते अभिप्राय आणि लेखकांची उत्तरं प्रसिद्धही केलेली आहेत. वाचायला बसलात तर एखादा आख्खा श्रावण जाईल.

*पडताळणी:* तिसऱ्या रकान्यात प्रकार लिहिला? ‘अहवाल’ एवढंच लिहिलं असेल तर खोडा आणि कोणाचा, कोणी तपासलेला, ते लिहा.

टप्पा ४: परीक्षण झालं म्हणजे काय झालं, ते समजून घ्या

इथे दोन्ही पक्षांची गाडी घसरते, म्हणून जरा सावकाश.

लेखक पेपर जर्नलला पाठवतो. संपादक आधी स्वतः पाहतो, आणि बरेचसे पेपर इथूनच परत जातात. उरलेले त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातात. त्यांना सहसा मानधन नसतं आणि बहुतेक जर्नल्समध्ये त्यांची नावं लेखकाला कळत नाहीत. ते पद्धत पाहतात, निष्कर्ष आकड्यांच्या पुढे धावलाय का ते पाहतात, आधीचं काम वगळलंय का ते सांगतात. लेखक दुरुस्त्या करतो, कधी दोन-तीन फेऱ्या होतात. शेवटी निर्णय संपादकाचा.

ते काय करत नाहीत? सहसा सगळं गणित पुन्हा करत नाहीत. संगणकाचा प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहत नाहीत. कुलाब्याच्या वेधशाळेत जाऊन पर्जन्यमापक मोजत नाहीत.

सोसायटीचं ऑडिट डोळ्यांसमोर आणा. ऑडिटर व्हाउचर पाहतो, बेरीज पाहतो, ठराव झाला होता का विचारतो. टाकीत उतरून प्लास्टर किती जाडीचं आहे ते मोजत नाही. ऑडिट झालं म्हणून गळती थांबत नाही. ऑडिटरने चार शेरे मारले म्हणून सेक्रेटरी चोर ठरत नाही. पण ज्या सोसायटीचं ऑडिटच झालं नाही तिच्या हिशेबावर तुम्ही सही कराल का?

तपासायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पेपरच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर ‘मिळाला’ आणि ‘स्वीकारला’ अशा दोन तारखा असतात. साधारणपणे मध्ये काही महिने जातात. गुंतागुंतीचा पेपर आठवड्यात स्वीकारला गेला असेल तर परीक्षकांनी वाचला कधी, हा प्रश्न रास्त आहे. मग परीक्षणाची फाइल आहे का ते पाहा. ‘ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स’ हे जर्नल २००१ पासून परीक्षकांचे शेरे उघड्यावर ठेवतं. ‘नेचर’ आणि ‘नेचर कम्युनिकेशन्स’ अनेक पेपरांसोबत परीक्षकांचा पत्रव्यवहार जोडतात. मराठी माणसाला दुसऱ्याचा पत्रव्यवहार वाचायला आवडतो असं म्हणतात. तर इथे तो बिनदिक्कत वाचता येतो. ही फाइल पुढे सातव्या टप्प्यात कामाला येणार आहे.

जर्नल स्वतः कसं आहे? पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आहेत आणि त्यातली काही आपल्या देशातूनच निघतात. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला परीक्षणाबद्दलच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवरून अमेरिकी न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलर्सहून अधिक रकमेचा आदेश बजावला होता. जर्नलच्या संपादक मंडळातली दोन नावं शोधून पाहा. ती माणसं आपल्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख करतात का? मोफत वाचता येतं म्हणून जर्नल हलकं, असं समजू नका. कितीतरी उत्तम जर्नल्स पूर्ण खुली आहेत.

*सावधान:* “पीअर रिव्ह्यू झालाय” हे वाक्य ‘दार उघडलं’ एवढंच सांगतं. आत काय आहे ते सहाव्या टप्प्यात.

टप्पा ५: छापल्यानंतर काय झालं

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि खरं परीक्षण बऱ्याचदा इथेच होतं.

३१ ऑक्टोबर २०१८ ला ‘नेचर’मध्ये लॉर रेसप्लँडी आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. हवेतल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापावरून महासागरांनी किती उष्णता शोषली याचा त्यात अंदाज होता, आणि तो आधीच्या काही अंदाजांपेक्षा बराच जास्त होता. निक लुइस हे ब्रिटनमधले स्वतंत्र संशोधक हवामानबदलाच्या तीव्रतेच्या अंदाजांचे टीकाकार म्हणून ओळखले जातात. त्यांनी थोड्याच दिवसांत गणितातली चूक दाखवली. सहलेखक राल्फ कीलिंग यांनी ती जाहीरपणे मान्य केली. अनिश्चितता पेपरात म्हटल्यापेक्षा खूप मोठी निघाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पेपर मागे घेतला गेला.

या एका प्रकरणातून ग्रुपवरचे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. ‘नेचर’च्या परीक्षकांच्या हातून चूक सुटली, हे खरं. टीकाकाराचं म्हणणं ऐकलं गेलं आणि पेपर मागे घेतला गेला, हेही खरं. आणि महासागर तापत नाहीत असं त्यातून सिद्ध झालं नाही. समुद्रात तरंगणाऱ्या आर्गो उपकरणांची मोजमापं त्या पेपरवर अवलंबून नव्हती.

करायचं काय: पेपरच्या पानावर ‘चेक फॉर अपडेट्स’ असं बटण असतं, ते दाबा. दुरुस्ती किंवा माघार असेल तर दिसेल. रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाची मागे घेतलेल्या पेपरांची यादी २०२३ पासून डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेमार्फत मोफत खुली आहे. त्यात डीओआय टाका. पबपीअर या संकेतस्थळावर इतर संशोधकांचे आक्षेप असतात, पण तिथला प्रत्येक आक्षेप बरोबर असेलच असं नाही. शेवटी गूगल स्कॉलरमध्ये या पेपरचा आधार घेणारे नंतरचे पेपर उघडा आणि त्यांच्या शीर्षकांत ‘कॉमेंट’, ‘रिप्लाय’ हे शब्द शोधा.

*सावधान:* दुरुस्ती आणि माघार वेगळ्या. आकृतीच्या खुणेतली चूक सुधारली म्हणजे पेपर कोसळला असं नाही.

टप्पा ६: आता पेपर वाचा

सगळा नको. सारांश, मग आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर, मग पद्धत, मग मर्यादांचा परिच्छेद. प्रस्तावना सोडली तरी चालेल. सारांश वाचून थांबू नका.

२०१९ च्या त्या नकाशाकडे परत जाऊ. कुल्प आणि स्ट्रॉस यांचा मुख्य विषय समुद्र नव्हताच, जमिनीची उंची होता. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानातून रडारने जगाची उंची मोजली होती. ते रडार झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं यांनाही जमीन समजतं, त्यामुळे दाट वस्तीत जमीन आहे त्यापेक्षा उंच दिसते. ही चूक कमी करण्यासाठी लेखकांनी एक संगणकीय पद्धत अमेरिकेतल्या अचूक मोजमापांवर शिकवून तयार केली आणि ती जगभर लावली. मग २०५० मध्ये वर्षातल्या सरासरी किनारी पुराच्या पातळीखाली कोणती जमीन येते ते काढलं. भिंती, बांध, पंप हे गणितात धरलेले नव्हते, आणि लेखकांनी ते सांगितलं होतं.

म्हणजे पेपर म्हणतो, ‘ही जमीन त्या पातळीपेक्षा खाली आहे’. मथळा म्हणतो, ‘शहर पुसलं जाणार’. पेपरवर आक्षेप घ्यायचाच तर तो असा हवा: अमेरिकेवर शिकवलेली पद्धत धारावी किंवा भेंडीबाजारासारख्या वस्तीला कितपत लागू पडते? हा खरा वैज्ञानिक प्रश्न आहे. “हे एनजीओवाले असंच लिहिणार” हा नाही.

१.९ फुटांचंही तसंच. तो आकडा समुद्राच्या सरासरी पातळीतल्या वाढीचा आहे, १९९५ ते २०१४ च्या तुलनेत. रस्त्यावर गुडघाभर पाणी, असा त्याचा अर्थ नाही. पण मोठ्या भरतीला आपल्या नाल्यांचं पाणी समुद्रात शिरू शकत नाही आणि त्याच वेळी धो धो पाऊस असला की दादरच्या सखल हिंदमाता भागासारखं पाणी तुंबतं. ते भरतीचं पाणी आणखी पावणेदोन-दोन फूट वर आलं तर काय, हा विचार केला की तो आकडा किरकोळही राहत नाही.

कुठे मोजलं हेही पाहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नाही. एकाच शहरात. म्हणून एका केंद्राच्या आकड्यावरून प्रदेशाबद्दल बोलणारा आणि प्रदेशाच्या आकड्यावरून आपल्या गल्लीबद्दल बोलणारा, दोघेही सारखेच फसतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांचा २०१७ चा पेपर सांगतो की मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. त्याच पेपरच्या सारांशात एकूण पाऊस घटल्याचंही आहे. आमच्या ग्रुपवर एकाने “पाऊस तिप्पट झाला” म्हणून टाकलं, दुसऱ्याने “पाऊस कमी झाला, हे बघा” म्हणून टाकलं. लिंक एकच होती!

टप्पा ६ चा पोटटप्पा: टक्केवारी आली की भाजक विचारा

“९७ टक्के शास्त्रज्ञ मानतात” हे वाक्य येणारच. त्याचा एक प्रसिद्ध आधार म्हणजे जॉन कुक आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा पेपर. त्यांनी १९९१ ते २०११ या काळातल्या ११,९४४ पेपरांचे सारांश वाचले. ६६.४ टक्के सारांशांत तापमानवाढीच्या कारणाबद्दल मतच मांडलेलं नव्हतं. ३२.६ टक्क्यांत मानवी कारणाला दुजोरा होता, ०.७ टक्क्यांत नकार आणि ०.३ टक्क्यांत अनिश्चितता. ज्यांनी मत मांडलं त्यांच्यापैकी ९७.१ टक्के दुजोरा देणारे.

म्हणजे भाजक ‘सगळे शास्त्रज्ञ’ हा नाही. ‘मत मांडणारे सारांश’ हा आहे. पण “फक्त ३३ टक्केच मानतात” हेही तितकंच चुकीचं. डेंग्यूच्या उपचारावरचा प्रत्येक पेपर सारांशात ‘डेंग्यू डासांमुळे होतो’ असं लिहीत बसत नाही.

टप्पा ७: आता पूर्वग्रहाचा प्रश्न विचारा

पाचवा रकाना. पूर्वग्रह असतातच, हवामानविज्ञानातही असतात. पण ‘विकले गेलेत’ हा आरोप तपासता येत नाही. त्याचे तुकडे केले तर येतो.

पैसा. पेपरच्या शेवटी निधी आणि हितसंबंधांचं निवेदन असतं. ते वाचा, आणि तिथे काय नाही तेही पाहा. तापमानवाढीचं जास्त श्रेय सूर्याला देणारे संशोधक विली सून यांना जीवाश्म इंधन क्षेत्रातून १२ लाख डॉलर्सहून अधिक निधी मिळाला होता आणि अनेक पेपरांत त्याचा उल्लेख नव्हता, हे २०१५ मध्ये उघड झालं. यात दोष उल्लेख न करण्याचा. निधी कुठूनही आला तरी गणित बरोबर असू शकतं: जगाच्या तापमान-नोंदी नव्याने तपासणाऱ्या बर्कले अर्थ प्रकल्पाचे रिचर्ड म्युलर आधीच्या तापमान-नोंदींवर शंका घेणारे होते, त्यांच्या निधीत तेल-उद्योगातल्या चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानचाही वाटा होता, आणि २०११-१२ मध्ये त्यांचं उत्तर आधीच्या नोंदींशी जुळलं.

दारावरची अडवणूक. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान-संशोधकांच्या ईमेल फुटल्या. २००४ च्या एका ईमेलमध्ये त्यांच्यातल्याच फिल जोन्स यांनी दोन नावडते पेपर आयपीसीसीच्या अहवालाबाहेर ठेवू असं लिहिलं होतं, परीक्षित साहित्याची व्याख्या बदलावी लागली तरी. वाचायला वाईटच आहे ते, आणि त्याची सारवासारव करू नये. पण पुढचा प्रश्न विचारा: मग झालं काय? ते दोन्ही पेपर २००७ च्या अहवालात नोंदले गेले. या ईमेलांची चौकशी करणाऱ्या म्युअर रसेल समितीने २०१० मध्ये शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर शंका नाही म्हटलं, आणि माहिती खुली करण्यात ते कमी पडले असंही म्हटलं. दोन्ही वाक्यं सांगा. एकच सांगणारा तुमच्या बाजूचा असला तरी त्याला टोका.

छापून येण्याचा मोह. सप्टेंबर २०२३ मध्ये हवामानशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्राउन यांनी जाहीर लिहिलं की कॅलिफोर्नियातल्या वणव्यांवरचा त्यांचा ‘नेचर’मधला पेपर त्यांनी मुद्दाम तापमानवाढीपुरता ठेवला, कारण मोठ्या जर्नल्सना तीच कथा हवी असते. आरोप गंभीर. इथे चौथ्या टप्प्यातली ती फाइल उघडा. त्यात दिसतं की इतर घटक का धरले नाहीत हा प्रश्न परीक्षकांनीच विचारला होता, आणि पेपर तसाच ठेवण्याची बाजू लेखकांनी मांडली होती. मोह असतो हे मला ब्राउन यांच्या लेखावरून पटतं. परीक्षकांनी तो लादला, हे त्या फाइलवरून पटत नाही.

*पडताळणी:* हाच प्रश्न तुम्हाला आवडणाऱ्या पेपरलाही विचारलात का? अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जॉन ख्रिस्ती आणि रॉय स्पेन्सर यांच्या उपग्रह-नोंदी वर्षानुवर्षं तापमानवाढ कमी दाखवत होत्या. २००५ मध्ये त्यांच्या एका दुरुस्तीत चूक सापडली, ती त्यांनी मान्य केली आणि आकडा वर गेला. त्यांना कोणी विकत घेतलं होतं, असं म्हणायची गरज पडली नाही. चूक दाखवून भागलं.

टप्पा ८: ग्रुपवर लिहा

पाच ओळींपेक्षा जास्त नाही. दावा, कागद, प्रकार, पेपर काय म्हणतो, काय म्हणत नाही. विशेषणं नकोत. समोरचा वयाने मोठा असेल तर त्याची चूक ग्रुपवर काढण्याआधी खाजगीत कळवा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी आता फोनच करते, आणि निम्म्या वेळा ते स्वतःच मेसेज काढून टाकतात. मोठ्या भरतीच्या दिवशी, पाणी चढत असताना तर अजिबात लिहू नका. तेव्हा लोकांना गाडी कुठे लावायची ते हवं असतं.

नमुना असा:

“काका, ‘बारा शहरं तीन फूट पाण्याखाली’ ही बातमी ऑगस्ट २०२१ ची आहे. आधार नासाचं साधन, आणि त्यामागे आयपीसीसीचा अहवाल. म्हणजे एक पेपर नाही, आढावा आहे. मुंबईचा आकडा त्यात सुमारे १.९ फूट आहे, शतकाच्या अखेरीपर्यंत, समुद्राच्या सरासरी पातळीतली वाढ म्हणून. जमीन किती बुडेल ते हे साधन सांगत नाही. पावसाळ्यातल्या भरतीला निचऱ्याची अडचण मात्र यामुळे वाढेल.”

उत्तरात दुसरी लिंक आली तर त्याच दमात तिच्यावर बोलू नका. “ही वेगळी आहे, उद्या बघते” म्हणा, वहीचं नवीन पान उलटा आणि पहिल्या टप्प्यापासून सुरू करा. दिवसाला एक दावा पुरे. आधीच्या दाव्याचं पान फाडू नका. पुढच्या जूनमध्ये तोच स्क्रीनशॉट परत येतो, फक्त वर्ष बदललेलं असतं.